रिकाम्या खोलीची नोंद

मराएच्या, म्हणजे गावच्या सभास्थानाच्या, स्वयंपाकघरात एरुएराकाकांनी पातेल्यावर डाव आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, की आता या दोघींतलं धरायचं कुणाचं, आत्याचं की भाचीचं.

प्रश्न अख्ख्या वाइतोरेआ गावाला पडला होता. गेल्या एप्रिलमध्ये हूहानाचे वडील तामाती जाळी बघायला होडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. होडी खाडीच्या मुखाशी कलंडलेली सापडली. तामाती सापडले नाहीत. त्याच दिवशी त्यांची थोरली बहीण पिरिहिरा काठावर उभी राहिली, प्रार्थना म्हटली आणि तिनं खाडीवर राहुई घातली. माणूस पाण्यात आहे तोवर त्या पाण्यातलं काही काढायचं नाही नि खायचं नाही, ना मासा ना शिंपली. कुणी पाटी लावली नाही, पहारा बसवला नाही, तरी वर्षभरात एकाही घरचं फावडं ओलं झालं नाही.

पिपी शिंपल्या विरळ होत चालल्याची ओरड त्याआधीपासूनच होती. त्यामुळे मराए आणि जिल्ह्याचं कार्यालय यांनी मिळून ठरवलं, की खाडी पुन्हा उघडायची तर दोन सह्या लागतील. पिरिहिराची, की पाण्यात आता कुणी नाही. आणि हूहानाची, की शिंपल्या पुरेशा आहेत. हूहाना शहरातल्या प्रयोगशाळेत शिंपल्यांवरच काम करायची. बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि वडील गेल्यावर इथंच राहिली होती. लेक मिही आता आठ महिन्यांची झाली होती. आजोबांना तिनं पाहिलंच नव्हतं.

तर पिरिहिराआत्यानं सांगितलं होतं, तामाती पाण्यात नाही, उघडा. हूहानाच्या मोजणीत वाळूवर टेकवायच्या एका चौकटीत सरासरी एकतीस शिंपल्या निघाल्या होत्या, हव्यात चाळीस. म्हणून तिनं सांगितलं होतं, उघडू नका.

आणि तीन आठवड्यांवर तामातींच्या स्मृतिदगडाचा कार्यक्रम आला होता. वर्ष झालं, की कबरस्तानातल्या दगडावरचं वस्त्र काढायचं, लांबलांबचे नातेवाईक येतात, सगळे जेवतात. दोनशे पाहुणे आणि ताटात वाइतोरेआची पिपी नाही, म्हणजे लग्नाच्या पंगतीत भात नसल्यासारखं. काका म्हणाले, लोकांना मी डब्यातले मासे वाढीन आणि वर सांगीन, आमच्याकडे एक म्हातारी आणि एक शास्त्रज्ञ आहे, त्यांचं जमेना.

सगळे हसले. हूहानाही हसली. पण खरं सांगायचं तर, एकतीस हा आकडा आला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. खाडी उघडली म्हणजे पपा तिथं नाहीत असं आपण सही करून मान्य केलं, असं तिला वाटत होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

पण एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. आत्या म्हणते, नाही. हिला कळतं कसं? लहानपणापासून तिनं आत्याचं हे कळणं पाहिलं होतं. जसं वाऱ्याला कुणी विचारत नाही तसं आत्यालाही कुणी विचारलं नव्हतं. एक दिवस मिहीला पाठीला बांधून, वही घेऊन ती टेकडीवरच्या आत्याच्या घरी गेली.

आत्या ओसरीवर बसून नवी टोपली विणत होती. वही बघून म्हणाली, "परीक्षा आहे वाटतं माझी."

हूहाना म्हणाली, परीक्षा नाही, मला समजून घ्यायचंय. आत्या म्हणाली, दोन्ही एकच, फक्त आवाज वेगळा. मग मिहीला मांडीवर घेऊन तिच्या मुठीत पातीचा तुकडा दिला आणि सांगायला लागली.

वर्षभर ती रोज सकाळी खाली उतरून पाण्यात उभी राहत होती. पाय घातला, की एखाद्याच्या खोलीत शिरल्यासारखं व्हायचं. आत माणूस झोपलेलं आहे, दिसत नाही, घोरतही नाही, पण आहे. आपण आपोआप पाऊल हळू टाकतो, तसं. एके दिवशी पाय घातला आणि खोली रिकामी.

हूहानानं विचारलं, तारीख कोणती. आत्यानं चंद्राच्या तिथीनं सांगितली. भरती की ओहोटी? ओहोटी लागता लागता. पाणी गार होतं की कोमट, आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, ती काय खाऊन गेली होती, रात्री झोप लागली होती का, हूहाना विचारत गेली आणि आत्या सांगत गेली. शेवटी हूहानानं मनातलं विचारलं. वर्ष झालं, दुःख जरा ओसरलं असेल, आणि तेच तुला पाणी हलकं झाल्यासारखं वाटलं असेल, नाही का?

"मला पहिलं तेच वाटलं," आत्या म्हणाली. "तुला काय वाटलं, तेवढी अक्कल फक्त शहरात वाटतात? म्हणून तर कुणाला बोलले नाही."

ती गप्प राहिली आणि नऊ दिवस पाण्यात उतरत राहिली. भरतीला गेली, ओहोटीला गेली. उपाशी गेली, जेवून गेली. एरुएराशी कडाकडा भांडून तशीच तणतणत गेली. एकदा मुद्दाम तामातीचं जुनं जाकीट अंगात घालून गेली, आठवणीनं ऊर भरून आला तर पाणी बदलतं का बघायला. ऊर भरून आला. पाणी तेच राहिलं. मग तिनं पलीकडच्या काठावरच्या, असंच पाण्यातलं कळणाऱ्या करारैनाआजींना निरोप धाडला, की टोपलीच्या पात्या घेऊन या. म्हातारी आली. आत्यानं बाकी चकार शब्द काढला नाही, नुसतं खाली पाय धुवायला पाठवलं.

"वर आली ती धापा टाकत. खुर्चीत बसली आणि म्हणते, पिरिहिरा, अगं तुझा भाऊ उठून गेला की."

हूहानाची लेखणी थांबली. एकाला कळलेलं दुसऱ्याला न सांगता दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं, हे ती प्रयोगशाळेत नव्या मुलींना घसा कोरडा होईपर्यंत शिकवायची. तरी त्या दर वेळी बोलून बसायच्या.

"आत्या, तू कधी चुकलीस?"

मिहीनं पाती तोंडात घातली होती, ती आत्यानं हळूच काढून घेतली.

"एकदा. तुझ्या जन्माआधी. खालच्या वाडीतलं एक लेकरू वाहून गेलं होतं. सात दिवसांनी मी सांगितलं, नाही आता पाण्यात, राहुई उठवा. आणि नवव्या दिवशी ते तिवरांत सापडलं. त्याची आई रोज काठावर येऊन बसायची. मला ते बघवेना. मी पाण्याचं ऐकलंच नव्हतं गं. तिचं ऐकलं होतं. तेव्हापासून मी आधी बघते, की मला काय हवंय. ते बाजूला काढून ठेवते, मग उतरते."

हूहानानं तेही लिहून घेतलं. लिहून होतंय तोच आत्यानं विचारलं, "आता तू सांग. तुझी दोरी वाकडी का जाते?"

"कसली दोरी?"

"मोजायची. मला इथून सगळं दिसतं. तिवरांपासून पाण्यापर्यंत सरळ दोऱ्या टाकतेस, एकीपासून शंभर पावलांवर दुसरी. मुखाशी आलीस की मात्र वळसा. सहावीनंतर एकदम लांब."

तिथं गाळ आहे, हूहाना म्हणाली. पाय रुततो. एकटीनं जाणं बरं नाही.

आत्या "बरं" म्हणाली आणि टोपली पुढे विणू लागली.

घरी येऊन मिहीला दूध पाजून झोपवल्यावर हूहानानं नकाशा उघडला. नऊ दोऱ्या होत्या. सहावी आणि सातवी यांच्यामध्ये तीनशे पावलं सुटली होती आणि तिथं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "गाळ, असुरक्षित." ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसली. खाडीच्या मुखाशी गाळ कधीच नव्हता. तिथं टणक वाळू होती. पाच वर्षांची असल्यापासून ती तिथं पपांबरोबर गुडघाभर पाण्यात पिपी काढायची. सगळ्यात दाट शिंपल्या तिथंच. होडी सापडली तीही तिथंच. आणि तिनं तीन वेळा मोजणी करून तीन वेळा तेच दोन शब्द लिहिले होते, दर वेळी मनापासून, खरं समजून. एखाद्या विद्यार्थिनीनं असं केलं असतं तर तिनं अख्खी मोजणी फेकून द्यायला लावली असती.

आत्यानं एकदा त्या आईचं ऐकलं होतं. आपण कुणाचं ऐकलं?

पुढच्या गुरुवारी उधाणाची ओहोटी होती. सकाळी हूहानानं मिहीला काठावर आत्याच्या मांडीत दिलं, गमबूट चढवले आणि दोरी सरळ नेली. सहाव्या दोरीनंतर शंभर पावलं, मग आणखी शंभर. छातीत धडधडत होतं, ते तिनं वहीत लिहिलं, कारण आता लिहायचंच ठरवलं होतं. चौकट टेकवली, वाळू उपसली, चाळली, मोजलं. चौसष्ट. पुढची एकाहत्तर. त्यापुढची अठ्ठावन्न. बोटं आपोआप चालत होती. एकेक शिंपली सरकत्या मोजपट्टीत धरायची, लांबी लिहायची, परत वाळूत ठेवायची. मधेच ती थांबली, बूट काढले आणि घोट्यापर्यंतच्या पाण्यात नुसती उभी राहिली. डोळे मिटले, मग उघडले. पाणी गार होतं. घोट्याला एक लव्हाळ्याची काडी चिकटली. बस.

काठावर येऊन ती म्हणाली, "मला काहीच जाणवलं नाही."

"कसलं काहीच?"

"काहीच म्हणजे काहीच नाही, आत्या. त्यात प्रकार कसले?"

"आधी कधी मुखाशी गेली होतीस?"

गेली होती. मिही झाल्यावर महिन्याभरानं, एकटीच. पाण्याला पाय लावला आणि अंगावर काटा आला. मागे वळून न बघता ती घरी आली होती. भीती वाटली, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

"आणि आज?"

"आज नुसतं पाणी होतं."

आत्यानं मान हलवली.

"पण हे माझ्या मनाचेही खेळ असतील," हूहाना म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून वाटलं असेल. ती आजी निदान न सांगता आली होती. मला तर तू आधीच सगळं सांगितलंस. माझी साक्ष कामाची नाही."

"नाहीच," आत्या म्हणाली. तिला राग आलेला दिसत नव्हता, उलट जरा बरं वाटल्यासारखी दिसत होती. "तुझी मी धरतच नाही. पण जा रोज. दुसऱ्यासाठी नाही, स्वतःला कळावं म्हणून."

हूहाना रोज गेली. आठ दिवस. कधी मिहीला पाठीला बांधून, कधी नवऱ्याच्या हातात सोपवून. प्रत्येक दिवसाला वहीत एक ओळ: तिथी, भरती-ओहोटी, वारा, झोप किती झाली (हे सगळ्यात सोपं, कारण झोप होतच नव्हती), आणि शेवटी पाणी कसं वाटलं. सहा दिवस "नुसतं पाणी". एक दिवस "जड", त्याच ओळीत पुढे लिहिलं, "सकाळी नवऱ्याशी भांडण, दुपट्यांवरून." एक दिवस पाठीवरची मिही पाण्याकडे बघून खदखदून हसली. तेही लिहावं की नाही यावर हूहानानं बराच विचार केला आणि लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

मग ती मराएवर गेली. स्वयंपाकघरात काका, आत्या आणि भांडी घासणाऱ्या दोन चुलत बहिणी होत्या. हूहानानं आधी स्वतःची चूक सांगितली. मुखाशी दोन दोऱ्या मुद्दाम नाही, पण टाळून सोडल्या होत्या. का, तेही सांगितलं. चुलत बहिणींनी नळ बंद केला. त्या दोन दोऱ्या धरून नवी सरासरी सदतीस येते, ती म्हणाली.

"म्हणजे अजून तीन कमी," काका म्हणाले. "म्हणजे पिरिहिरा चुकली."

आत्या कधी नव्हे ते चिडली. "मी शिंपल्यांचं कधी बोलले रे? तामाती पाण्यात नाही, एवढंच माझं म्हणणं. शिंपल्या किती ते मला काय कळणार? मोजल्यात का मी? तुम्हीच सगळे मिळून आम्हा दोघींना कोंबड्यांसारखं झुंजवत बसलात."

काकांनी हूहानाकडे बघितलं. ती म्हणाली, आत्याचं बरोबर आहे. आणि पपा तिथं आहेत की नाहीत हे मलाही कितीही चौकटी टाकून सांगता आलं नसतं. मुखाशी शिंपल्या दाट आहेत, तेवढाच भाग उघडा, बाकी खाडी आणखी दोन वर्षं बंद ठेवा. दोनशे पाहुण्यांपुरत्या तिथं निघतील.

काका खुर्चीत मागे रेलले. ते तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते, त्यांना गोष्टी रोखठोक लागायच्या. "एक मला सांग, पोरी. तू शिकलेली. हिला जे कळतं ते खरं ज्ञान आहे, का नुसतं... म्हातारीचं आहे म्हणून मान राखायचा?"

चुलत बहिणींपैकी एक म्हणाली, काका, ती इथंच बसलीय. काका म्हणाले, बसू दे, तिलाही ऐकायचंय.

"ते नेमकं काय आहे हे मला माहीत नाही," हूहाना म्हणाली. "पण ते तपासलं कसं ते मला माहीत आहे. माझ्या आधीच्या तीन मोजण्यांपेक्षा नीट तपासलंय. आणि ती एकदा चुकली ते तिनं स्वतः सांगितलं. माझी चूक मला तिनं दाखवावी लागली."

आत्या म्हणाली, मला उगाच चढवू नका, चहा टाका.

अहवाल हूहानानं मिहीच्या दुपारच्या झोपेत लिहिला. निरीक्षणांच्या भागात चौकटींचे आकडे दिले आणि त्याखाली: राहुईचं कारण संपल्याचं पिरिहिरा यांना अमुक तिथीस जाणवलं, नऊ दिवस वेगवेगळ्या स्थितीत तपासलं, करारैना यांनी आधी काही न कळता स्वतंत्रपणे तेच सांगितलं, पिरिहिरा यांचा पूर्वीचा एक निष्कर्ष चुकीचा ठरला आहे. दोन दिवसांनी कार्यालयातल्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. फार सौजन्यानं तो म्हणाला, की हा मजकूर "स्थानिक भावना" या रकान्यात हलवू का? हूहाना म्हणाली, नको, भावना नाही ती, निरीक्षण आहे. भावना बाजूला काढूनच केलंय. पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग त्यानं अडखळत विचारलं, की निरीक्षणासाठी उपकरण कोणतं लिहू, रकाना रिकामा सोडता येत नाही.

"पाय," हूहाना म्हणाली.

साहेबांना विचारून सांगतो, तो म्हणाला. पुढे साहेबांनी काय ठरवलं ते तिला कधी नीट कळलं नाही, पण दोन्ही सह्यांचा कागद शिक्का होऊन परत आला.

शनिवारी सकाळी ओहोटीला सगळे खाली उतरले. आत्यानं प्रार्थना म्हटली, राहुई उठली. आणि मग कुणीच हलेना. टोपल्या, फावडी, गोणपाटं घेऊन चाळीसेक माणसं मुखाच्या अलीकडे उभी. आत्यावर विश्वास नव्हता असं नाही. होडी जिथं सापडली तिथंच पहिली मूठ कुणी घालायची, हा प्रश्न होता. एरुएराकाका उगाच फावड्याचा दांडा पुसत होते.

हूहानाला कळलं, सगळे आपल्यासाठी थांबलेत. सही तिनं केली होती, पण सही खोलीत बसून केली होती.

ती आत्याजवळ गेली आणि हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, बोलली. "आत्या, पपा इथं नाहीत. मग कुठं आहेत?"

आत्यानं तिच्याकडे बघितलं. काहीतरी सांगून टाकणं तिला सोपं होतं. अशा वेळी सांगायच्या कितीतरी सुंदर गोष्टी त्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ होत्या. ती म्हणाली, "ते मला नाही कळत, बाळा. मला फक्त या पाण्यातलं कळतं."

हूहानाचे डोळे भरून आले. इतके दिवस जे तिला नुसतं डोक्यानं पटत होतं, ते या उत्तरानं आत कुठंतरी खाली बसलं. जिला आपलं कळणं कुठं संपतं ते ठाऊक आहे, तिचं आधीचं म्हणणं धरायला हरकत नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं. पण विचार पुरा व्हायच्या आत ती पाण्यात उतरली होती, अनवाणी, मिही पाठीवर.

घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ती वाकली, वाळूत बोटं खुपसली, आणि पहिल्याच मुठीत चार शिंपल्या आल्या, गुळगुळीत, घट्ट मिटलेल्या. पहिली तिनं समुद्राच्या धन्याची म्हणून परत लांब फेकली. उरलेल्या तीन टोपलीत टाकल्या.

मागे पाण्यात पावलं वाजू लागली. आधी एक, मग बरीच. काका ओरडून सांगत होते, लहान शिंपल्या घेऊ नका, पोरगी मोजपट्टी घेऊन उभी राहील. मिही पाठीवरून खाली झेपावत होती, हात पाण्यापर्यंत पुरत नव्हते म्हणून रडायला लागली. हूहानानं तिला सोडवून पुढे घेतलं आणि तिचे दोन्ही पाय पाण्यात बुडवले. मिही एकदम गप्प झाली. भुवया चढवून, ओठ मुडपून ती खाली बघत राहिली. हूहानाही तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, हिला काय जाणवत असेल याचा विचार करत. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, टोपली इकडे दे, आणि ती पुढे सरकली.